पाइपांचे व्यास, ईपॅनेट आणि जनुकीय अल्गोरिदम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठ्याच्या जाळ्यात कुठे किती व्यासाचा पाइप टाकायचा, हा उत्क्रांतीय संगणन शिकायला फार चांगला प्रश्न आहे. सिम्युलेटर मोफत मिळतो, सरावाची जाळी प्रसिद्ध आहेत आणि त्यांची उत्तरे पडताळून पाहता येतात. शिवाय चुकीच्या उत्तराचा परिणाम शेवटी कुणाच्या तरी नळाला येणाऱ्या पाण्यावर होतो. अभियंते आणि विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

सिम्युलेटर काय करतो आणि अल्गोरिदम काय करतो?

सिम्युलेटर एकाच आराखड्याचे परीक्षण करतो. व्यास, लांबी, उंची आणि मागणी दिली की प्रत्येक नोडवर (पाइप जिथे जुळतात त्या बिंदूवर) किती दाब मिळेल आणि प्रत्येक पाइपातून किती पाणी वाहील, एवढे तो सांगतो. आराखडा चांगला की वाईट, याबद्दल त्याचे काही मत नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३मध्ये आणलेला ईपॅनेट हा या कामातला सर्वांत रुळलेला सिम्युलेटर.

जनुकीय अल्गोरिदम आराखडे तयार करतो. आधी पन्नास-शंभर आराखडे यदृच्छया बनवतो आणि प्रत्येक सिम्युलेटरकडून तपासून घेतो. त्यातल्या चांगल्यांना पुढे नेतो, दोघांचे भाग एकत्र करून नवे बनवतो (संकर), मधूनच एखादा व्यास बदलतो (उत्परिवर्तन) आणि सगळे पुन्हा तपासायला पाठवतो. पाण्याचे शास्त्र त्याला ठाऊक नसते. त्याच्यासाठी सिम्युलेटर म्हणजे एक बंद पेटी असते: आत व्यास जातात, बाहेर दाब येतात. ही पद्धत इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी चालते ती यामुळेच, आणि फसते तीही यामुळेच.

कल्पना कुठून आली?

१९६०च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल यांनी असे प्रयोग आधी संगणकाशिवायच केले. बिजागरीने जोडलेल्या पट्ट्यांचे कोन यदृच्छया बदलायचे, वायुबोगद्यात अवरोध मोजायचा आणि सुधारणा झाली तरच बदल ठेवायचा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी जनुकीय अल्गोरिदमची मांडणी केली. त्यांचे पुस्तक १९७५चे. पाण्याच्या जाळ्यांसाठी ॲडलेड विद्यापीठातल्या सिम्पसन, डँडी आणि मर्फी यांचे १९९४चे आणि एक्सेटरच्या सॅविक व वॉल्टर्स यांचे १९९७चे काम पायाभूत मानले जाते.

अनुभवी अभियंता एक्सेलमध्ये व्यास ठरवतोच की. मग हे कशाला?

साधे जाळे असेल तर नकोच. जाळ्यात लूप (पाइपांची बंद वर्तुळे) असतील तर मात्र एक व्यास बदलला की बाकी सगळ्या पाइपांतला प्रवाह बदलतो, आणि हे परिणाम मनात धरून ठेवणे माणसाला जमत नाही.

नेहमी वापरल्या जाणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रात घर्षणहानी (पाइपातल्या घर्षणाने कमी होणारा दाब) व्यासाच्या ४.८७व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रवाह तोच ठेवून व्यास १०० मिमीवरून ८० मिमी केला की हानी जवळपास तिप्पट होते. त्यात व्यास सलग बदलत नाहीत, बाजारात मिळतात तेवढेच घ्यावे लागतात. म्हणून कलन वापरून उतार शोधणाऱ्या पद्धती इथे अडखळतात. पर्यायही अफाट असतात. हॅनोई शहराच्या मुख्य वाहिन्यांवर बेतलेल्या प्रसिद्ध सराव-जाळ्यात ३४ पाइप आणि ६ व्यास आहेत, म्हणजे सुमारे २.८७ × १०^२६ पर्याय. एका पर्यायाला एक मिलिसेकंद धरला तरी सगळे तपासायला ९च्या पुढे १५ शून्ये इतकी वर्षे लागतील.

माझे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे आहे, एकही लूप नाही. जनुकीय अल्गोरिदम वापरू का?

नको. लूप नसले की प्रत्येक पाइपातला प्रवाह आधीच ठरलेला असतो: त्याच्या पुढच्या सगळ्या नोडांच्या मागणीची बेरीज. एकाच पाइपाच्या लांबीत दोन व्यास वापरायची मुभा दिली की हानी लांबीच्या सरळ प्रमाणात येते आणि प्रश्न रेषीय प्रोग्रॅमिंगने सुटतो. उत्तर काही सेकंदांत येते, आणि ते सर्वांत स्वस्त असल्याची हमी असते. आयआयटी मुंबईत तयार झालेली ‘जलतंत्र’ ही प्रणाली ग्रामीण नळयोजनांच्या याच प्रकारच्या जाळ्यांसाठी बनली. वाड्यावस्त्यांच्या बऱ्याच योजना फांद्यांच्याच असतात. हमी देणारी पद्धत हाताशी असताना नशिबावर चालणारी वापरू नये.

सरावाला कोणते जाळे घ्यावे?

अल्पेरोविट्झ आणि शमीर यांचे १९७७चे दोन लूपांचे जाळे. त्याचा सगळा तपशील एवढ्यातच मावतो.

स्रोत म्हणजे नोड १, पाण्याची पातळी २१० मी. बाकीच्या नोडांची उंची (मी) आणि मागणी (घनमीटर प्रतितास):
नोड २: १५०, १००
नोड ३: १६०, १००
नोड ४: १५५, १२०
नोड ५: १५०, २७०
नोड ६: १६५, ३३०
नोड ७: १६०, २००

पाइप आठ: १–२, २–३, २–४, ४–५, ४–६, ६–७, ३–५, ५–७, याच क्रमाने. प्रत्येकी लांबी १००० मी, सी गुणांक (हेझन-विल्यम्स सूत्रातला पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १३०. प्रत्येक नोडवर किमान ३० मी दाब हवा.

व्यास (इंच) आणि दर मीटर खर्च: १–२, २–५, ३–८, ४–११, ६–१६, ८–२३, १०–३२, १२–५०, १४–६०, १६–९०, १८–१३०, २०–१७०, २२–३००, २४–५५०.

सर्वांत स्वस्त ज्ञात उत्तर पाइपांच्या क्रमाने १८, १०, १६, ४, १६, १०, १०, १ इंच. दर मीटर खर्चाची बेरीज ४१९, म्हणजे एकूण ४,१९,०००. एकूण पर्याय १४चा ८वा घात, १४७ कोटींहून थोडे जास्त. एका मिलिसेकंदाला एक या वेगाने सगळे तपासायला १७ दिवस लागतात, म्हणजे हट्ट धरला तर हे जाळे पूर्ण पिंजून काढता येते. सरावाला हेच निवडण्याचे ते एक कारण.

अल्गोरिदम लिहून झाला, पण उत्तर भलतेच येते. आधी काय तपासू?

सिम्युलेटर. अल्गोरिदमला हात लावण्यापूर्वी वरचे ४,१९,०००चे उत्तर ईपॅनेटमध्ये हाताने भरा आणि दाब बघा.

पहिल्या पाइपातून सगळेच पाणी जाते, ११२० घनमीटर प्रतितास म्हणजे ०.३१११ घनमीटर प्रतिसेकंद. १८ इंच म्हणजे ०.४५७२ मी. सूत्रात घातले तर हानी ६.७५ मी येते. म्हणजे नोड २ वरची पातळी २०३.२५ मी, आणि त्यातून उंची १५० मी वजा केली की दाब ५३.२५ मी. नोड ३, ६ आणि ७ वर ३०.४ ते ३०.६ मीच्या दरम्यान दाब दिसला पाहिजे. हे जुळले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

न जुळण्याचे नेहमीचे कारण एककांत सापडते. ईपॅनेटमध्ये प्रवाहाचे एकक निवडले की बाकीची एकके आपोआप ठरतात. घनमीटर प्रतितास किंवा लिटर प्रतिसेकंद निवडले तर व्यास मिलिमीटरमध्ये लागतो. तिथे १८ लिहिले तर तो १८ मिमीचा पाइप होतो, आणि दाब उणे कोट्यवधी मीटरांत जातो. १८ इंचांसाठी ४५७.२ लिहायचे.

दुसरी चूक खऱ्या कामात जास्त नुकसान करते. एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाचा सांगितला जाणारा आकार बाहेरचा व्यास असतो. ११० मिमीच्या एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) पाइपाची भिंत १० मिमीची, म्हणजे आतला व्यास ९० मिमी. सिम्युलेटरला ११० दिले तर खरी घर्षणहानी दाखवलेल्यापेक्षा सुमारे २.६६ पट निघेल. व्यासांच्या यादीत आतला व्यास आणि दरसूचीतला दर शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही एकाच दाबवर्गाचे आहेत ना, तेही बघा.

हॅनोई जाळ्याची उत्तरे वेगवेगळ्या शोधनिबंधांत वेगळी का?

हेझन-विल्यम्स सूत्रातला स्थिरांक सगळ्यांनी सारखा घेतलेला नाही. सॅविक आणि वॉल्टर्स यांनी हे दाखवूनच दिले: १०.५०८८ घेतला तर त्यांना ६०.७३ लाख डॉलर खर्च आला, १०.९०३१ घेतला तर ६१.९५ लाख. पाण्यात आणि पाइपांत काहीच बदलले नव्हते. स्वस्तातले उत्तर कडक स्थिरांकाने तपासले तर दाबाची अट मोडते. म्हणून दोन अल्गोरिदमांची तुलना करताना दोघांची अंतिम उत्तरे एकाच सिम्युलेटरमधून, त्याच स्थिरांकाने, पुन्हा चालवून बघायची. आपला अल्गोरिदम जिंकल्याचा आनंद अनेकदा इथेच संपतो.

उमेदवार आराखडा कसा लिहावा? शून्य-एकच्या माळेत?

जुन्या पुस्तकांत तसे असते, पण या प्रश्नाला ते सोयीचे नाही. सहा व्यासांना तीन बिट लागतात आणि तीन बिटांत आठ संकेत बसतात. उरलेल्या दोन संकेतांचे काय करायचे हा पहिला घोळ. दुसरा, ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. शेजारच्या व्यासावर जायला तिन्ही बिट एकदम उलटावे लागतात.

सरळ पूर्णांक वापरा: व्यास लहानापासून मोठ्याकडे लावा आणि प्रत्येक पाइपासाठी अनुक्रमांक लिहा. क्रम चढता ठेवणे महत्त्वाचे, कारण मग ‘एक पायरी वर, एक पायरी खाली’ असे उत्परिवर्तन अर्थपूर्ण होते.

समूह किती मोठा, पिढ्या किती, दर किती?

दोन लूपांच्या जाळ्यासाठी ५० उमेदवार आणि २०० पिढ्या पुरतात. म्हणजे १०,००० सिम्युलेशने, दर लाख पर्यायांमागे एकही नाही. हॅनोईसारख्या ३४ पाइपांना १०० उमेदवार आणि ५०० पिढ्यांपासून सुरुवात करा.

निवडीसाठी दोघांची स्पर्धा: यदृच्छया दोन उचला, चांगला ठेवा. संकर ०.९ संभाव्यतेने, एकसमान पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक पाइपाचा व्यास दोघांपैकी कुणाचाही यदृच्छया घ्यायचा. पाइपांचा क्रम आपण मनाने दिलेला असतो, त्यामुळे एका बिंदूवर कापून जोडण्यात फारसा अर्थ नसतो. उत्परिवर्तनाचा दर १ भागिले पाइपांची संख्या: आठ पाइपांना ०.१२५, चौतीस पाइपांना ०.०३. दहापैकी सात वेळा एकच पायरी वर-खाली आणि तीन वेळा कोणताही व्यास, असे प्रमाण चांगले चालते. प्रत्येक पिढीतला सर्वोत्तम एक किंवा दोन न बदलता पुढे न्या, नाहीतर हाती आलेले उत्तर निसटते.

दहा-वीस पिढ्यांतच सगळे उमेदवार सारखे दिसू लागले, तर निवडीचा दाब जास्त आहे किंवा उत्परिवर्तन कमी. प्रत्येक पिढीत वेगळे उमेदवार किती उरले ते छापत जा. खर्चाच्या आलेखावरून हा दोष कळत नाही, तो छान खाली येत असतो आणि अवेळी सपाट होतो.

या आकड्यांवर आठवडे घालवू नका. तेवढा वेळ खर्चाच्या सूत्रावर आणि दाबाच्या अटीवर दिला तर फायदा कितीतरी जास्त होतो.

दाबाची अट अल्गोरिदमला कशी समजवायची?

रूढ मार्ग दंडाचा: दाब जितके मीटर कमी पडेल त्याला एका गुणांकाने गुणून खर्चात मिळवायचे. गुणांक किती, हीच अडचण.

वरच्या उत्तरातला पहिला पाइप १८ ऐवजी १६ इंच करा. मीटरमागे ४० वाचतात, म्हणजे एकूण ४०,०००. हानी ६.७५ वरून सुमारे १२ मीटर होते. हा पाइप सगळ्यांच्या वरचा असल्याने प्रत्येक नोडचा दाब सव्वापाच मीटरने उतरतो. नोड ३, ६, ७ आणि ५ मिळून १५ ते १६ मीटरची तूट पडते. मीटरमागे १,००० दंड ठेवला असेल तर दंड १६,००० आणि बचत ४०,०००. अल्गोरिदम बिनदिक्कत हा नियमबाह्य आराखडा निवडेल, आणि त्याची चूक नाही, आपणच त्याला तसे सांगितले. इथे गुणांक किमान अडीच हजारांच्या वर हवा. उलट गुणांक दहा लाख ठेवला, तर सीमेच्या किंचित पलीकडचे उपयोगी उमेदवार लगेच मरतात आणि शोध महागड्या, सुरक्षित पाइपांत अडकतो. सर्वांत स्वस्त उत्तर सीमेला चिकटूनच असते.

म्हणून गुणांकच नको असेल तर कल्याणमय देब यांनी २०००मध्ये मांडलेले तीन नियम वापरा. दोन उमेदवारांपैकी एकच अट पाळत असेल तर तो जिंकतो. दोघे पाळत असतील तर स्वस्त जिंकतो. दोघेही मोडत असतील तर ज्याची तूट कमी तो जिंकतो, खर्च बघायचाच नाही. दोघांच्या स्पर्धेच्या निवडीत हे तंतोतंत बसते. आम्ही नव्या माणसाला दंडाऐवजी हेच सुचवतो.

अल्गोरिदम सिम्युलेटरला ‘फसवतो’ म्हणजे काय?

सिम्युलेटरमध्ये जिथे वास्तव सुटलेले असेल, तिथे तो नेमका पोहोचतो. १९९४मध्ये कार्ल सिम्स यांनी आभासी प्राणी उत्क्रांत केले. वेगाला बक्षीस होते, तेव्हा काही प्राणी चालायला शिकण्याऐवजी उंच वाढले आणि नुसते पडले, कारण पडतानाही वेग मिळतो. ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६च्या सुमारास खऱ्या एफपीजीए (आतल्या जोडण्या बदलता येणाऱ्या) चिपवर १ आणि १० किलोहर्ट्झचे सूर ओळखणारे सर्किट उत्क्रांत केले. त्यातले काही घटक मुख्य सर्किटला जोडलेलेच नव्हते, तरी ते काढले की सर्किट बिघडायचे. सर्किट त्या विशिष्ट चिपच्या गुणधर्मांवर जगत होते.

पाण्याच्या जाळ्यात या फसवणुकी अशा दिसतात:

दाब उणे असला तरी मागणी पूर्ण झाल्याचे ईपॅनेट दाखवतो, कारण त्याची नेहमीची पद्धत मागणीवर चालते. इशारा क्रमांक ६ येतो, पण तुमचा कोड इशारे वाचत नसेल तर कळणार कसे?

गणित जुळले नाही तर इशारा क्रमांक १ येतो आणि तरीही आकडे मिळतात. ते आकडे कचरा असतात. अशा उमेदवाराला थेट सर्वांत वाईट गुण द्या.

आधीच्या उमेदवाराचे प्रवाह पुढच्याच्या गणिताची सुरुवात म्हणून वापरले, तर एकच आराखडा दोन वेळा किंचित वेगळे दाब देतो. ३० मीच्या सीमेवर तेवढा फरक पुरतो. प्रत्येक वेळी प्रवाह नव्याने सुरू करा आणि अचूकता ०.००१ वरून ०.०००१ वर आणा.

आणि चौथी, सर्वांत महागाची: २४ तासांच्या सिम्युलेशनमध्ये वीजखर्च कमी करायला सांगितले, की पंप बंद ठेवून उंच टाकी रिकामी केली जाते. कागदावर वीज वाचते, दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला पाणी नाही. दिवसअखेरीची पातळी सुरुवातीइतकी किंवा जास्त असावी, ही अट हवीच.

सर्वोत्तम उत्तरात पाइप ८ फक्त एक इंची का?

कारण आपण फक्त खर्च विचारला. लूप पैशाच्या दृष्टीने नेहमीच चैन असते, म्हणून किमान खर्चाचे उत्तर लूप मोडून झाड बनवू बघते. इथे पाइप ४ चार इंची आणि पाइप ८ एक इंची. लूप नावापुरते उरले. पाइप ३ फुटला तर नोड ४, ६ आणि ७ची ६५० घनमीटर प्रतितास मागणी, म्हणजे एकूण मागणीच्या ५८ टक्के, त्या दोन बारीक पाइपांतून जायला हवी. ते अशक्य आहे.

लूप ज्या कारणासाठी टाकले ते कारण अल्गोरिदमला सांगा. सोपा उपाय किमान व्यासाचा. त्याहून चांगला म्हणजे प्रत्येक मोठा पाइप एकेक करून बंद ठेवून सिम्युलेशन करणे आणि तेव्हाही ठरावीक किमान दाब मागणे. सिम्युलेशने तेवढ्या पट वाढतात, पण हा खर्च वसूल होतो.

खर्च आणि विश्वासार्हता दोन्ही हवे असेल तर?

एनएसजीए-दोन वापरा. आयआयटी कानपूरमध्ये देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलेला आणि २००२मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेला हा अल्गोरिदम आज जगभर पहिला पर्याय मानला जातो. तो एकच उत्तर न देता उत्तरांची रांग देतो: यापेक्षा स्वस्त हवे तर विश्वासार्हता सोडावी लागेल, अशी. विश्वासार्हतेसाठी टोडिनी यांचा २०००चा लवचिकता निर्देशांक रूढ आहे. गरजेपेक्षा जास्तीची किती ऊर्जा नोडांवर शिल्लक आहे, ते तो मोजतो. मात्र एकाच ठिकाणी भरपूर दाब देऊनही हा निर्देशांक वाढतो, म्हणून पाइप बंद ठेवण्याची चाचणी वगळू नका.

रांगेतला कोणता आराखडा घ्यायचा, हे ठरवणे माणसाचे काम. बहुधा रांगेत एक कोपरा दिसतो जिथे थोड्या पैशांत विश्वासार्हता झपाट्याने वाढते. तिथून बघायला सुरुवात करा.

किती वेळ लागेल?

गुणाकार आधी करा. १०० उमेदवार, ५०० पिढ्या म्हणजे ५०,००० सिम्युलेशने. एकाला २ मिलिसेकंद लागत असतील तर १०० सेकंद. मोठ्या जाळ्याच्या २४ तासांच्या सिम्युलेशनला अर्धा सेकंद लागत असेल तर सुमारे ७ तास. विश्वासार्ह निष्कर्षासाठी ३० रन लागतात, म्हणजे एका कोअरवर जवळपास ९ दिवस, १६ कोअरवर १३ तास.

वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो फाइल लिहिण्यात. प्रत्येक उमेदवारासाठी नवी इनपुट फाइल लिहून ईपॅनेट चालवू नका. टूलकिटमधून (ईपॅनेट स्वतःच्या कोडमधून चालवण्याच्या संचातून) फाइल एकदा उघडा, फक्त व्यास बदला, गणित करा, दाब वाचा. तपासलेले आराखडे शब्दकोशासारखे साठवून ठेवा. शेवटच्या पिढ्यांत तेच-तेच उमेदवार खूप येतात.

समांतर चालवताना वेगळ्या प्रोसेस वापरा. जुन्या टूलकिटमध्ये एका वेळी एकच जाळे उघडे राहते, त्यामुळे थ्रेड एकमेकांचे व्यास बदलतात आणि चूक दिसतही नाही. २.२ आवृत्तीत प्रत्येक जाळ्याला स्वतंत्र प्रकल्प देता येतो.

दर वेळी वेगळे उत्तर येते. कोणते खरे?

यदृच्छेवर चालणाऱ्या पद्धतीचा एकच रन हा पुरावा नव्हे. २० ते ३० रन वेगवेगळ्या सीडने (यदृच्छ आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) करा, प्रत्येक सीड लिहून ठेवा आणि सर्वोत्तमाबरोबर मध्यक व सर्वांत वाईटही सांगा. तीसपैकी पंचवीस रन एकाच उत्तरावर आले तर विश्वास ठेवायला जागा आहे. तीसही वेगळे आले, तर पिढ्या कमी पडल्या किंवा समूह लहान आहे.

शेवटी मिळालेल्या उत्तरावर साधा स्थानिक शोध चालवा: एकेक पाइप एक पायरी खाली करून बघा, मग एक खाली आणि दुसरा वर अशा जोड्या. ३४ पाइपांना अशा जोड्या ११२२ होतात, म्हणजे दोन-तीन सेकंदांचे काम. अल्गोरिदमच्या हातून राहिलेले पैसे इथे बऱ्याचदा सापडतात.

आमच्याकडे पाणी दिवसाआड दोन तास येते. हे सगळे लागू पडते का?

जसेच्या तसे नाही, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य गावांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पुरवठा मोजक्या तासांचा असेल तर लोक नळ उघडे ठेवून टाक्या भरतात. नोडवर जाणारे पाणी मग मागणीपेक्षा दाबावर ठरते: उताराच्या गल्लीत टाक्या ओसंडतात, शेवटच्या गल्लीत पाणी पोहोचत नाही. मागणी निश्चित धरणारे सिम्युलेशन हे दाखवूच शकत नाही. ईपॅनेट २.२ मध्ये दाबावर चालणारी पद्धत आहे, ती निवडा. उद्दिष्टही बदला: किमान दाबाऐवजी, ज्या नोडला मागणीच्या सर्वांत कमी टक्के पाणी मिळते ते टक्के वाढवा. रिकाम्या पाइपात पाणी भरत जातानाची हवा आणि वेळ ईपॅनेटमध्ये येत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.

मागणीचे आकडेही जपून घ्या. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, पण तो दिवसभराचा सरासरी आकडा. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९च्या आवृत्तीत ५०,००० पर्यंतच्या लोकवस्तीला कमाल मागणीचा गुणक ३ धरला आहे आणि एकमजली घरांना किमान ७ मी, दुमजलींना १२ मी दाब सांगितला आहे. दोन तासांत एका दिवसाचे पाणी द्यायचे तर प्रवाह सरासरीच्या १२ पट होतो, दिवसाआड दोन दिवसांचे द्यायचे तर २४ पट. व्यास त्यावर ठरतात.

माझे एक सिम्युलेशन तीन तास घेते. तरीही जमेल का?

पन्नास हजार सिम्युलेशने तर नाहीच. प्रवाहगतिकीच्या किंवा अपघाताच्या सिम्युलेशनमध्ये दोन-तीनशे चाचण्या एवढीच ऐपत असते. तिथे पर्यायी मॉडेल वापरतात: बदलत्या घटकांच्या साधारण दहापट नमुने आधी समान विखरून घ्यायचे, त्यांवर एक झटपट अंदाज देणारे मॉडेल बसवायचे आणि अल्गोरिदम त्या मॉडेलवर चालवायचा. जे उमेदवार आश्वासक दिसतील तेवढेच खऱ्या सिम्युलेटरकडे पाठवायचे आणि त्यांच्या निकालाने मॉडेल पुन्हा घडवायचे. ही शेवटची पायरी गाळली तर अल्गोरिदम मॉडेलच्या चुकांचाच कमाल बिंदू शोधून देतो.

घटक सलग बदलणारे असतील, वीस-तीसच्या आत असतील, तर जनुकीय अल्गोरिदमऐवजी सीएमए-ईएस ही सलग घटकांसाठीची उत्क्रांतीय पद्धत घ्या. तिचा रूढ समूह ४ + ३ × घटकसंख्येचा नैसर्गिक लॉग (अपूर्णांक सोडून), म्हणजे दहा घटकांना फक्त १०. पहिली पावलाची लांबी प्रत्येक घटकाच्या पल्ल्याच्या ०.३ पट ठेवा, आणि त्याआधी सगळे घटक ० ते १ मध्ये आणा.

एवढ्या सगळ्याचा खऱ्या कामात कुठे उपयोग झाला आहे का?

नासाच्या एस-टी-पाच मोहिमेचे तीन छोटे उपग्रह २२ मार्च २००६ रोजी सोडले गेले. त्यांच्यावर एम्स केंद्रात उत्क्रांत केलेले अँटेना होते, वाकड्यातिकड्या तारांचे, पेपरक्लिप उलगडल्यासारखे दिसणारे. प्रत्येक उमेदवार विद्युतचुंबकीय सिम्युलेटरमध्ये तपासला गेला होता. महत्त्वाचे म्हणजे मोहिमेची कक्षा मध्येच बदलली, तेव्हा नव्या अटी घालून अल्गोरिदम पुन्हा चालवला आणि नवा अँटेना मिळाला.

मंजुरीसाठी आराखडा देताना काय जोडावे?

ईपॅनेटची इनपुट फाइल आणि आवृत्ती क्रमांक. आतल्या व्यासांची व दरांची यादी, दरसूचीच्या वर्षासह. मागणी कशी काढली त्याचा हिशोब. कोणकोणत्या स्थितीत तपासले: कमाल मागणी, एकेक मोठा पाइप बंद, वीस वर्षांनी खरखरीत झालेले पाइप, म्हणजे सी १३० ऐवजी १०० धरून. सगळे सीड आणि सगळ्या रनांचे खर्च. आणि सध्या हाताने केलेला आराखडा असेल तर त्याचा खर्च व दाब त्याच सिम्युलेटरमधून काढून शेजारी ठेवा. तपासणाऱ्या अभियंत्याला अल्गोरिदम समजावत बसावे लागत नाही. व्यास फाइलमध्ये भरून तो पाच मिनिटांत स्वतः दाब बघू शकतो.